उदाहरण चौथं: बोटीवरची बाई

३ फेब्रुवारी
वारा वायव्येचा, बोचरा. कालव्याचं पाणी वीतभर वर.

योलीन आली. माझ्या मार्लीनची मुलगी, चोवीस वर्षांची. दोन बॅगा पुस्तकं, एक बॅग कपडे. मार्लीनकडे स्वयंपाकघर फोडून नवं करतायत, त्या ठोकाठोकीत हिला अभ्यास सुचत नाही. म्हणून जूनपर्यंत माझ्याकडे.

वकिलीची परीक्षा ही पोरगी कधीच पास झाली. तरी आणखी शिकते आहे. विचारलं, आता काय?

"एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळ्या देशांचे कायदे काय म्हणतात, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं, आजी."

"बघून?"

"बघून विचार करायचा."

"विचाराला पगार कोण देतं?"

हसली. दात आजोबांवर गेलेत.

मी काही रोजनिशी लिहिणाऱ्यातली नाही. जन्म बोटीवरचा, शाळा म्हणजे नन्सच्या वसतिगृहात काढलेले चार हिवाळे. पण बोटीची नोंदवही मीच ठेवायची: तारीख, वारा, पाणी, माल, कोणतं लॉक, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट पुढे सोडायची कालव्यातली फाटकं. एकवीस नोव्हेंबर बहात्तरला माझा नवरा रेमी बुडाला, पुढच्या वसंतात मी बोट विकली आणि पोर घेऊन गेंट शहरात जमिनीवर राहायला आले. बोट गेली, लिहिण्याची खोड राहिली. वारा-पाणी झालं की दोन ओळी उरतातच.

११ फेब्रुवारी
धुकं. वारा नाही.

कोळंबी सोलत बसलो होतो. योलीन एक सोलते तेवढ्यात माझ्या सहा होतात. तिने मध्येच विचारलं, "आजी, एक माणूस तळ्यात बुडतोय. काठावर दुसरा बसलाय, त्याला पोहता येतं. तो जागचा हलत नाही. गुन्हा आहे का?"

"कुठलं तळं?"

"कुठलंही."

"बुडणारा काय करतोय?"

"ओरडतोय. वाचवा, वाचवा."

"मग तो बुडत नाहीये. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याखाली असतं, ओरडेल कशाने?"

"आजी, हे नुसतं उदाहरण आहे!"

"मग नीट उदाहरण घे. जमिनीवरच्या माणसांनी पाण्याबद्दल बोलूच नये."

ती म्हणाली, तिच्या प्राध्यापक बाईंचंही तेच म्हणणं आहे. तळ्यातला माणूस शंभर वर्षं बुडतोय, आता खरं काहीतरी आणा. काम असं करतात म्हणे: घटना लिहायची, कायद्याचा एक शब्द न घालता. नुसतं काय झालं ते. मग तोच कागद आठ देशांतल्या वकिलांना पाठवायचा. प्रत्येकाने आपल्या देशाच्या कायद्याने उत्तर द्यायचं, आणि ती सगळी उत्तरं हिने जुळवून बघायची.

मला काय झालं कोण जाणे. तळ्याचा राग आला असेल. म्हटलं, "एक बोटवाली होती, ओळखीची." आणि सांगून टाकलं. लॉकपाशी बोट थांबलेली, धुकं, पाण्यात कुणी अनोळखी माणूस. हाताशी एकच दोर, त्याच्या टोकाला तिचं पोर बांधलेलं. तिने दोर सोडला नाही. "बूट भरले की माणूस उभाच्या उभा खाली जातो," म्हटलं. "मागे टोपी तेवढी राहते. तपकिरी होती, डाव्या कानाशी शिवलेली."

योलीनने कोळंबी खाली ठेवली. "मग?"

"मग काय, लॉक उघडलं. सोल तू."

२ मार्च
वारा पश्चिमेचा, पाऊस.

सकाळी कॉफी ठेवायला टेबलावरचे कागद सरकवले. वरच्याच कागदावर लिहिलेलं होतं. चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं. इथे उतरवते.

"उदाहरण ४. स्त्री क. मालवाहू बोटीवर राहते. सकाळची वेळ, दाट धुकं. बोट लॉकसमोर थांबली आहे. चार मीटरवर एक अनोळखी पुरुष पाण्यात आहे. बोटीवरचं, बुडणाऱ्याकडे फेकायचं तरंगतं कडं रंगवण्यासाठी काढून ठेवलं आहे. हाताशी एकच दोर आहे. त्याला क. चं तीन वर्षांचं मूल बांधलेलं आहे. डेकवरून पडू नये म्हणून बोटीवरची मुलं अशीच बांधतात. क. दोर सोडत नाही. पुरुष बुडतो. क. ने गुन्हा केला का?"

परत वरून वाचलं. आठ ओळी. बावन्न वर्षं आणि आठ ओळी. आणि नाव काय, तर क. गोठ्यातल्या गाईलाही याहून बरं नाव असतं.

योलीन आंघोळ करून आली. "वाचलंस? बाईंना फार आवडलं. काल पाठवलंसुद्धा, आठही देशांना."

"पाठवलंस?"

"का? त्या बाईला चालणार नाही का?"

"मेली ती," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

५ मार्च
तेच वारे.

आठ देशांत लोक माझा निवाडा करायला बसलेत. जेवण जात नाही.

१९ मार्च
ऊन. वारा मंद.

इंग्लंडचं उत्तर आलं, सगळ्यांत आधी. योलीनने टेबलाशी वाचून दाखवलं. कुठलाही गुन्हा नाही. अनोळखी माणसाला वाचवायची जबाबदारी तिथला कायदा कुणावर टाकत नाही. क. ने डेकवर खुर्ची आणून बसून बघितलं असतं, तरी नाही.

"खुर्ची आणून?" म्हटलं.

"असं लिहिलंय तिथल्या वकील बाईंनी."

"आणि शिक्षा काही नाही?"

"काही नाही. निर्दोष."

अडीच आठवडे मी हेच ऐकायला धडपडत होते, आणि ऐकल्यावर अंगावर काटा आला. कसली माणसं ही! म्हटलं, "मग ठेवतात कशाला कायदा? डोक्यावर मिरवायला, टोपी म्हणून?"

"आपल्याकडे गुन्हा आहे, आजी. बेल्जियममध्ये १९६१ पासून. स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला मोठा धोका नसेल तर मदत करायलाच हवी."

एकसष्ट. म्हणजे बहात्तरला अकरा वर्षं होऊन गेली होती. आमच्या बोटीवर सांगायला कुणी आलं नव्हतं.

"थांब, खाली एक ओळ आहे," योलीन म्हणाली. "हे उत्तर माणूस अनोळखी असेल तरच. तो तिचा नवरा असता तर सगळं उलटं. मग खटला मनुष्यवधाचा."

मी उठून बटाटे बघायला गेले. बटाटे अजून लावलेलेच नव्हते.

२० मार्च
नोंद नाही.

८ एप्रिल
वारा पूर्वेचा. कोरडी थंडी.

फ्रान्सचं आलं, गुन्हा. स्वीडनचं आलं, असा सर्वसाधारण नियमच नाही. मी आता पोस्टमनसारखी रोज विचारते, आलं का काही? योलीन म्हणते, "आजी, तूच दे परीक्षा."

आज जर्मनीचं आलं. उत्तर नाही, प्रश्न. म्युन्स्टरचे कुणी कायद्याचे डॉक्टर आहेत, माणूस चिवट दिसतो. त्यांना वाटतं उदाहरण अपुरं आहे. दोर किती लांब? सहा मीटर. पाणी किती थंड? नोव्हेंबरचं. बोट चालू होती की थांबलेली? थांबलेली. मी फटाफट उत्तरं देत होते, भांडी धुता धुता.

मग योलीनने वाचलं, "पाचवा. मूल कुठे बांधलेलं होतं?"

"सुकाणूच्या खोलीला, बाहेरच्या कडीला."

"सहावा. त्या खोलीला दार होतं का? मुलाला क्षणभर आत ठेवून दार लावता आलं असतं का?"

हातातली बशी गेली. निळ्या काठाची, सहांतली शेवटची.

दार.

बावन्न वर्षांत हे दार मला एकदाही दिसलं नाही. दोर दिसला, पोराची लाल टोपी दिसली, पाण्यातले दोन हात दिसले, ते पण रोज. मी स्वतःला सांगत आले की एका टोकाला पोर, एका टोकाला माणूस, आणि दोर एकच. त्यावर उभी राहिले, त्यावर म्हातारी झाले. आणि म्युन्स्टरमधला एक माणूस, ज्याने आयुष्यात बोट धुतली नसेल, तो विचारतो, दार होतं का?

माझ्या कोपराला लागायचं ते दार. उभी होते तिथून एक हात.

"आजी, लागलं का? सोड, मी उचलते."

"दार नव्हतं," म्हटलं. "लिही. तसल्या बोटींना दारं नसायची."

तिने लिहिलं.

९ एप्रिल
वारा तोच.

मी खोटं बोलले ते ठीक. पोलिसांशीही बोललेच होते, धुक्यात मला काही दिसलं नाही म्हणून. पण त्या वेळी कुणी माझ्यासमोर बसून ते व्यवस्थित, समास सोडून लिहून घेतलं नव्हतं.

२७ एप्रिल
वारा दक्षिणेचा. चेस्टनटला पालवी.

बाजारातून आले तर योलीन बोळात उभी, बोटीच्या फोटोसमोर. त्यात रेमी सुकाणूच्या खोलीला टेकून उभा आहे, डोक्यावर टोपी, हात पाठीमागे. हात मागे आहेत ते फोटोवाल्याने बरं केलं. त्या हातांचं मला काही कौतुक नव्हतं.

"आजोबा किती उंच होते?" तिने विचारलं.

"दाराच्या चौकटीला डोकं लागायचं, एवढे." फोटोवर धूळ साचली होती, ती एप्रनने पुसली.

"आणि ही टोपी? शिवलीय का इथे?"

"मग काय नवी आणून देणार होते दर वर्षी?"

ती वाकून टोपी बघत राहिली. तिला जुन्या कपड्यांची हौस आहे, बाजारातूनही असलंच काही विकत घेते.

१४ मे
ऊन. पाणी खाली.

मार्लीन जेवायला आली होती. स्वयंपाकघर संपलं एकदाचं. आता सगळं पांढरं आहे म्हणे, दवाखान्यासारखं. शतावरी केली होती, उकडलेली अंडी चुरून. योलीनला काय सुचलं, आईला म्हणाली, "तुला बोटीवरचं काही आठवतं?"

"तीन वर्षांची होते गं. दोर आठवतो. कमरेला काचायचा." मार्लीन जेवता जेवता हसली. "आणि ती सुकाणूची खोली. रडले की बाबा मला आत कोंडायचे आणि बाहेरून कडी. अंधार नसायचा, काच होती, पण मी बेंबीच्या देठापासून ओरडायचे. आई, तू येऊन उघडायचीस, आठवतं? एकदा म्हणालीस, हे दार परत लागलं तर मी कुऱ्हाडीने फोडेन."

"काहीही आठवतं तुला," म्हटलं. "शतावरी घे."

ही बाई तोंडाला कुलूप म्हणून लावत नाही. दाराचं बोलायची काय गरज होती? मी योलीनकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, एवढं कळलं.

२ जून
वारा नाही. उकाडा.

दहा तारखेला प्रबंध द्यायचा आहे. चोवीसला तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोर. नातेवाईकांना बोलावतात, मार्लीनने झगासुद्धा घेतलाय.

योलीन समोर येऊन बसली. एक कागद उपडा ठेवला.

"आजी, जर्मन डॉक्टरांना मी 'दार नव्हतं' असं अजून कळवलेलं नाही."

"का नाही?"

"बोळातल्या फोटोत दार आहे."

मी बोळाकडे वळून बघितलं.

"खोट्या गोष्टीवर आठ देशांची उत्तरं मी लावू शकत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मग दोनच वाटा आहेत. एक, उदाहरण चार काढून टाकायचं. निम्मा प्रबंध जाईल. नापास झाले तर पुढच्या वर्षी परत बसेन. दुसरी ही." तिने कागद उलटा केला. "४-ब. दोनच बदल केलेत."

वाचलं. "अनोळखी पुरुष" खोडून "तिचा नवरा" केलं होतं. आणि शेवटी एक ओळ: सुकाणूच्या खोलीला दार आहे.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"कोळंबी सोलत होतो त्या दिवसापासून संशय होता. धुक्यात बुडणाऱ्या अनोळखी माणसाची टोपी कुठे शिवलीय, हे कुणाला कसं दिसेल, आजी?"

"मग गप्प का राहिलीस, कार्टे?"

"तू बोलशील म्हणून."

"आणि नसते बोलले तर?"

"तर चार काढलं असतं. अजूनही काढेन. तू सांगशील तसं." आणि मग, खाली बघून, "मला तुझा निकाल नको. आधी वाटलं होतं, तोच हवा. आता मला फक्त तिथे काय झालं ते हवं आहे."

चौघा नातवंडांत ही एकच मला कधी मिठ्या मारत नाही. आजही मारली नाही. बरं केलंन.

मी उठले, कपाटातून बहात्तर सालची नोंदवही काढली आणि तिच्या पुढ्यात टाकली. ते पान उघडायला तिला वेळ लागला नाही, वही तिथेच उघडते. एकवीस नोव्हेंबर. धुकं. वारा नाही. माल वाळू. लॉक ९.४०. रेमी गेला. एवढंच.

"पाठव ४-ब," म्हटलं.

८ जून
पाऊस. पाणी चढतंय.

म्युन्स्टरचं उत्तर. बाकीच्यांनी पुन्हा आपापलं लिहिलं, कुणी मनुष्यवध, कुणी त्याहून कमी. इंग्लंडच्या बाईंनी त्यांची खुर्ची उचलून नेली. तिकडेच आता सगळ्यांत कडक. मी ते सगळं ऐकलं, पण थांबले होते चिवट माणसासाठी.

योलीनने हळू वाचलं. त्यांचं म्हणणं असं: एकाच दोराच्या दोन टोकांना दोन जीव असतील आणि दोन्ही आपले असतील, तर बाईने यालाच का वाचवलं, त्याला का नाही, हे कायदा विचारत नाही. तेवढा मोठेपणा कायद्याला आहे. पण इथे दार होतं. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की त्या घटकेला ते दार तिला का सुचलं नाही. हे कागदावरून सांगता येणार नाही. न्यायालय त्या बाईला समोर उभं करून विचारेल.

खाली हाताने लिहिलं होतं. योलीनने ते आधी स्वतः वाचलं, मग मला. "ती बाई हयात आहे का?"

"काय कळवू?" तिने विचारलं.

"कळव, आहे. आणि बश्या फोडते म्हणावं."

१० जून
प्रबंध दिला. २११ पानं. वजन केलं, सव्वा किलो.

१६ जून
वारा नैऋत्येचा, मंद. पाणी उतरलं.

मार्लीनला बोलावलं. चोवीसला ती नवा झगा घालून पुढच्या रांगेत बसणार, आणि तिची मुलगी सगळ्यांसमोर सांगणार की एका बाईने… तिथे कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. योलीन बाहेर जाते म्हणाली. बस म्हटलं, तू लावलेली आग आहे.

कोळंबी आणली होती. हाताला काम असलं की बोलायला सोपं. सांगितलं. धुकं, कडं रंगवायला काढलेलं, रेमी बाजूच्या फळीवरून घसरला ते. दोर माझ्या हातात होता, गाठ अर्धी सुटली होती. त्याने माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही. मी गाठ परत आवळली.

पोलिसांना काय सांगितलं तेही सांगितलं. पाच मिनिटंही लागली नसतील.

मार्लीन सोलतच राहिली. ती चांगली सोलते, माझ्यासारखी. पंचावन्न वर्षांची बाई, पण चेहरा असा झाला की मला लाल टोपी दिसली. मी वाट बघत होते. खुशाल ओरडावं, उठून जावं, चोवीसला येणार नाही म्हणावं. सगळ्याची तयारी होती.

तिने एवढंच विचारलं, "माझ्याच कमरेचा दोर?"

"हो."

"मग मला आत का नाही ठेवलंस? दार तर तिथेच होतं."

"तू रडायचीस," मी म्हटलं.

तोंडातून निघून गेलं. विचार केला नव्हता. खरं आहे की आत्ता ऐन वेळी सुचलं, मला सांगता येत नाही, देवाशपथ येत नाही. मी तिथेच खुळ्यासारखी बसले, हातात अर्धी सोललेली कोळंबी. योलीन मान खाली घालून टेबलाकडे बघत होती. मार्लीनने हात पुसले, टेबलावरून पुढे केला आणि माझं मनगट धरलं. घट्ट. किती वेळ ते मोजलं नाही. काचत होतं, पण मी सोडवून घेतलं नाही.

जाताना दारात म्हणाली, "चोवीसला तुला न्यायला येईन. साडेनऊला खाली उभी राहा, वरपर्यंत चढायला लावू नकोस."

दोघी गेल्यावर बहात्तरची वही काढली. तेव्हाचं पेन चालेना, दुसरं घेतलं. शाई वेगळी दिसते, दिसू दे. त्या पानावर खाली जागा होती. मीच ठेवली असणार. लिहिलं:

दोर हातात होता. दार उघडं होतं. ते मी कधीच लावायची नाही.